डोकं उघडू द्यायचं का?



एरवी मी इथे पारण्याचं मुगाचं पाणी, चातुर्मासातल्या भाज्या, नाहीतर घरकामातून सामायिकाला वेळ कसा काढावा असलं काहीतरी लिहिते. आजचा विषय जड आहे. गेल्या वर्षभरात तीन घरांतून मला एकच प्रश्न आला, "ताई, डॉक्टर डोकं उघडायचं म्हणतात. उघडू द्यायचं का?" विचारणाऱ्या तिघीही घर सांभाळणाऱ्या, आणि तिघींच्याही हातात कोणीतरी सहीचा कागद दिलेला. आमच्या घरी तो कागद आधी येऊन गेला आहे, म्हणून त्या मला विचारतात. मी डॉक्टर नाही. पण त्या दिवसांत जे विचारून, वाचून, ऐकून समजलं, ते आपल्या बायकांच्या भाषेत लिहून ठेवते. निर्णय तुमच्या डॉक्टरांचा आणि तुमचा.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. कुकरला शिट्टी असते. वाफ फार झाली की शिट्टी वर उचलली जाते आणि दाब सुटतो. मोठ्या माणसाच्या कवटीला अशी शिट्टी नाही. तान्ह्या बाळाची टाळू मऊ असते, हाडं सुटी असतात, म्हणून बाळाच्या डोक्यात पाणी साठलं तर डोकंच मोठं होतं. मोठेपणी हाडं जुळून डबा पक्का बंद होतो. त्या डब्यात तीनच गोष्टी असतात: मेंदू, रक्त आणि मेंदूभोवती फिरणारं स्वच्छ पाणी. साधारण दहा भागांतले आठ मेंदूचे, एक रक्ताचा, एक पाण्याचा. यातलं एक वाढलं तर दुसऱ्याला जागा सोडावी लागते. हे स्कॉटलंडच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ सालीच लिहून ठेवलं, आणि आजचे डॉक्टर अजून तोच हिशोब धरतात.

पाणी म्हणाल तर ते एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतं, पण शरीर रोज अर्धा लिटरच्या आसपास नवीन तयार करतं आणि जुनं रक्तात शोषून घेतं. म्हणजे वाट कुठे अडली तर किती लवकर तुंबेल ते बघा. मोठ्या माणसाच्या डोक्यातला दाब साधारण ७ ते १५ असतो, तो रक्तदाबासारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. जबर मार लागलेल्या माणसात तो २२ च्या वर टिकून राहिला की उपचार हवेतच, असं डॉक्टर मानतात. कारण दाब वाढला की मेंदूला रक्त पोचत नाही, आणि त्याहून वाढला की मेंदू जिथे फट सापडेल तिथून खाली सरकतो. श्वास चालवणारा भाग तिथेच, खाली आहे. माणूस जातो तो त्यामुळे.

म्हणजे डोकं उघडणं ही डॉक्टरांची हौस नव्हे. बंद डब्यातून काहीतरी बाहेर काढणं किंवा डब्याचं झाकण काढणं, एवढेच दोन मार्ग उरतात. त्याआधी औषधं देऊन बघतात. डोक्याकडची बाजू ३० अंशांवर उचलून ठेवतात, मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचं सलाईन देतात, गरज पडली तर झोपवून श्वासाचं यंत्र लावतात. पण आत रक्ताची मोठी गाठ असेल तर औषधं फक्त वेळ काढून देतात.

आता आमच्या घरचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आम्ही मोहर्लीला राहतो. ताडोबाच्या फाटकाजवळचं गाव. सकाळी सफारीच्या जिप्सी, दिवसभर किराणा दुकान, अंधार पडला की रस्त्यावर माणूस कमी आणि चितळं जास्त. बाबूजी म्हणजे माझे सासरे, तेव्हा ७८ वर्षांचे. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू. श्रावणात ओट्यावरच्या शेवाळावरून पाय घसरला, डोक्याला थोडं लागलं. टेंगूळ आलं, हळद लावली, चार दिवसांत उतरलं. दीड महिन्याने माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा ओळखलं. त्या म्हणाल्या, "यांची डावी चप्पल सारखी पायातून निघते गं." नंतर हातातून वाटी सुटायला लागली. दुपारी माळ घेऊन बसले की मध्येच डोळा लागायचा. दुकानाचा हिशोब तोंडपाठ असणारा माणूस मुगाच्या डाळीचा भाव तीनदा विचारायचा. शेजारी म्हणायचे, वय झालं. सासूबाई म्हणाल्या, "वय दोन्ही पायांना होतं, एकाला नाही." चंद्रपूरला नेऊन सीटी स्कॅन केला. मेंदू आणि त्यावरच्या जाड पडद्याच्या मध्ये जुनं रक्त साठलेलं निघालं. तिथून नागपूर.

म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसतो, त्यामुळे त्याच्यापासून पडद्याकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या ताणलेल्या असतात. लहानशा धक्क्याने एखादी फाटते आणि थेंब थेंब रक्त झिरपतं. मेंदू आक्रसल्यामुळे जागाही असते, म्हणून आठवडेच्या आठवडे काही कळत नाही. मग एक दिवस जागा संपते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो. आपल्या घरातल्या आजी-आजोबांच्या बाबतीत हे सगळ्यांत लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण याच्याइतका म्हातारचळ वाटणारा आणि याच्याइतका बरा होण्यासारखा आजार क्वचित.

यावरचा उपाय डोक्याच्या ऑपरेशनांत सगळ्यांत छोटा. कवटीला रुपयाच्या नाण्याहून लहान अशी एक किंवा दोन भोकं पाडतात, पडद्याला छेद देतात, आणि जुनं रक्त बाहेर येतं. ते लाल नसतं, गाडीच्या इंजिनातल्या जुन्या तेलासारखं काळपट असतं. नंतर एक-दोन दिवस बारीक नळी ठेवतात. ही नळी ठेवल्याने फरक पडतो का, हे केंब्रिजच्या डॉक्टरांनी पडताळून २००९ साली छापलं. नळी न ठेवलेल्या १०० रुग्णांत २४ जणांना पुन्हा ऑपरेशन लागलं, ठेवलेल्यांत साधारण ९ जणांना. एवढीशी नळी, पण एवढा फरक. म्हणून तुमच्या माणसाच्या डोक्यातून नळी बाहेर दिसली तर घाबरू नका, आणि कोणाला ती ओढू देऊ नका.

भोकं पाडायचं म्हटल्यावर आमच्या घरी वाद झाला. भुवाजी, म्हणजे बाबूजींच्या थोरल्या बहीण, वय ८४, रोजचं प्रतिक्रमण न चुकणाऱ्या. त्या म्हणाल्या, "डोकं फोडून मारू नका माझ्या भावाला. घरी आणा. संथारा द्या. समाधीने जाऊ दे." त्या रागाने बोलत नव्हत्या. त्यांच्या दृष्टीने ती मायाच होती. यंत्रांमध्ये, नळ्यांमध्ये, भान नसताना मरण येणं हे आपल्याकडे चांगलं मरण मानत नाहीत, आणि त्यांना भावासाठी चांगलं मरण हवं होतं.

तेव्हा भद्रावतीला साध्वीजींचा चातुर्मास होता. आमचं मोहर्ली भद्रावती तालुक्यातच येतं, आणि तिथलं स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथांचं तीर्थ तुम्हाला ठाऊकच आहे. जेठजी तिथे जाऊन विचारून आले. म.सा. म्हणाल्या, "ऑपरेशन करा असं आम्ही सांगू शकत नाही, करू नका असंही नाही. पण संथारा ज्याचा त्याने मागायचा असतो. भान हरपलेल्याला दुसऱ्याने द्यायचा नसतो. आणि उपाय आहे का, हे आधी वैद्याला विचारा."

हे शेवटचं वाक्य आमच्यासाठी फार मोलाचं ठरलं. सल्लेखना कधी घ्यावी याचं विवेचन आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात आहे. संकट, दुष्काळ, म्हातारपण, रोग ही कारणं तिथे सांगितली आहेत, पण ती प्रतिकार करता न येणारी असावीत अशी अट आहे. ग्रंथ दिगंबर परंपरेतला असला तरी ही अट आपण सगळेच मानतो. ज्या रोगाला उपाय आहे, तिथे संथाऱ्याचा प्रश्नच उभा राहत नाही. १० ऑगस्ट २०१५ ला राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा आत्महत्येसारखा ठरवला, तेव्हा आपण सगळे मूक मोर्चात चाललो होतो. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्टला त्या निकालाला स्थगिती दिली. त्या वेळी आपणच जगाला सांगत होतो की संथारा म्हणजे कोणाला मरू देणं नव्हे, तो भानावर असलेल्या माणसाने विचारपूर्वक घेतलेला व्रतनिश्चय आहे. मग घरातला माणूस बेशुद्धीकडे चालला असताना आपणच त्याच्या वतीने तो कसा घेणार?

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, उपाय आहे, धोकाही आहे, वयामुळे धोका जास्त आहे, पण काही न केलं तर काय होईल तेही स्पष्ट आहे. जेठजींनी सही केली. ऑपरेशन तासाभरात झालं. तिसऱ्या दिवशी बाबूजींनी डोक्यावरून हात फिरवून विचारलं, "दीक्षा न घेताच मुंडन केलं का रे माझं?" भुवाजी हसल्या आणि रडल्याही.

पण मैत्रिणींनो, सगळ्यांचं असं नसतं. बाबूजींचं ऑपरेशन सोपं होतं. बाकीची कोणती असतात आणि कशासाठी, तेही माहीत असावं.

पाणी तुंबलं असेल तर पाण्याला वाट करून देतात. घाईच्या वेळी कवटीतून बारीक नळी मेंदूतल्या पाण्याच्या कप्प्यात सोडतात आणि पाणी बाहेरच्या पिशवीत घेतात. याच नळीने दाब मोजताही येतो. कायमची सोय लागली तर कातडीखालून नळी पोटात उतरवतात, तिला शंट म्हणतात. मध्ये एक झडप असते, ठरावीक दाबाला उघडणारी. अमेरिकेत १९५० च्या दशकात जॉन होल्टर नावाच्या यंत्र कारागिराने स्वतःच्या बाळासाठी अशी झडप घडवली, आणि ती जगभर वापरली गेली. आपल्या देशात उत्तर प्रदेशातल्या शाहजहांपूरला बनणारी छाबरा शंट स्वस्त आहे. युगांडातल्या मुलांमध्ये तिची महागड्या परदेशी शंटशी तुलना केली तेव्हा वर्षभरात निकालात फरक दिसला नाही. कधी शंटऐवजी दुर्बिणीने मेंदूच्या आतल्या कप्प्याच्या तळाला छोटं छिद्र पाडून पाण्याला नवी वाट देतात. मग नळीच लागत नाही. आपल्या भागात पाणी तुंबण्याचं एक मोठं कारण क्षयरोग आहे. मेंदूच्या आवरणाचा टीबी झाला की पाण्याची वाट बुजते. मुलाला दोन-तीन आठवडे ताप, डोकेदुखी, उलट्या, चिडचिड आणि मग गुंगी, असं असेल तर मांत्रिकाकडे चकरा मारू नका.

ताजी गाठ असेल तर भोक पुरत नाही. ताजं रक्त गोठलेलं असतं, नळीतून येत नाही. मग हाडाचा तुकडा काढून गाठ उचलतात, रक्तस्राव थांबवतात, हाड परत बसवतात. इथे तास मोजले जातात. याची आपल्या देशातली सगळ्यांत गाजलेली घटना क्रिकेटमधली. १७ मार्च १९६२, बार्बाडोसचं ब्रिजटाउन. भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर, वय २८. चार्ली ग्रिफिथचा चेंडू त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला लागला. तेव्हा हेल्मेट नव्हतं. कवटी फुटली, आत रक्त साठलं, प्रकृती झपाट्याने खालावली. मेंदूचे शल्यचिकित्सक त्रिनिदादहून यायचे होते. तोपर्यंत थांबलं तर माणूस राहणार नाही, म्हणून तिथल्याच सर्जनने दाब कमी करायला ऑपरेशन केलं. मग मेंदूचे डॉक्टर आले आणि पुन्हा ऑपरेशन झालं. रक्त कोणी दिलं? वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी, आणि आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर आणि पत्रकार के. एन. प्रभू यांनी. कॉन्ट्रॅक्टर कित्येक दिवस बेशुद्ध होते. पुढे वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी त्यांच्या कवटीत धातूची पट्टी बसवली. याच चँडींनी १९४९ साली वेल्लोरला देशातला मेंदू शल्यचिकित्सेचा पहिला विभाग सुरू केला होता. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळले नाहीत, पण वर्षभराच्या आत प्रथम श्रेणीच्या मैदानावर उतरले. ती पट्टी साठ वर्षं राहिली आणि २०२२ मध्ये मुंबईत काढली, तेव्हा ते ८८ वर्षांचे होते. वॉरेलच्या रक्तदानाची आठवण म्हणून बंगालचे क्रिकेटवाले १९८१ पासून ३ फेब्रुवारीला रक्तदान शिबिर घेतात. भुवाजींनी "परक्याचं रक्त चालेल का?" असं विचारलं होतं, तेव्हा जेठजींनी त्यांना हीच गोष्ट ऐकवली.

दुसरी गोष्ट दुःखाची. रमण लांबा १९९८ च्या फेब्रुवारीत ढाक्याला हेल्मेट न घालता जवळ क्षेत्ररक्षणाला उभे होते. चेंडू कपाळाच्या बाजूला लागला. ते स्वतः चालत मैदानाबाहेर गेले. थोड्या वेळात शुद्ध हरपली, ऑपरेशन झालं, पण तीन दिवसांनी गेले. मार लागल्यावर माणूस बोलतो, चालतो, पाणी मागतो, आणि मग कोसळतो. "बोलत होता की" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे. म्हणून डोक्याला जोरात लागलेल्या माणसाला पहिला दिवस एकटं झोपू देऊ नका, अधूनमधून हाक मारून बघा.

आता सगळ्यांत अवघड ऑपरेशन. मेंदूच सुजला असेल, काढण्यासारखी गाठच नसेल, तर झाकण काढून ठेवतात. एका बाजूचं तळहाताएवढं, साधारण १२ बाय १५ सेंटिमीटर हाड काढतात, सुजलेल्या मेंदूला बाहेरच्या बाजूला जागा मिळते, वरून फक्त कातडी शिवतात. हाड अतिथंड फ्रिजमध्ये ठेवतात, किंवा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली शिवून ठेवतात, आणि सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत बसवतात. डोक्याच्या पट्टीवर "इथे हाड नाही" असं लिहिलेलं दिसलं तर ते यासाठी. त्या बाजूवर झोपवायचं नाही, चालताना डोकं जपायचं.

हे ऑपरेशन जीव वाचवतं, यात शंका नाही. पण कसा जीव वाचतो, हा प्रश्न डॉक्टरांनीही स्वतःला विचारला. जबर मार लागलेल्या ४०८ रुग्णांचा मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. औषधांवर ठेवलेल्यांत सहा महिन्यांत १०० पैकी ४९ गेले. हाड काढलेल्यांत २७ गेले. म्हणजे १०० मध्ये २२ जीव जास्त वाचले. पण वाचलेल्यांत अंथरुणाला खिळलेले, दुसऱ्यावर अवलंबून असलेले जास्त होते. डोळे उघडे पण भान नाही अशा अवस्थेत १०० पैकी साडेआठ, औषधांच्या गटात दोन. पक्षाघाताच्या मोठ्या झटक्यात मेंदू सुजतो तेव्हाही हेच. ६० च्या पुढच्या रुग्णांवर जर्मनीत अभ्यास झाला, २०१४ साली छापून आला. ऑपरेशन न केलेल्या १०० पैकी ७० गेले, केलेल्यांत ३३. पण त्या वयात कोणीही पूर्वीसारखं धडधाकट झालं नाही.

हे आकडे मी घाबरवायला देत नाही. सहीच्या कागदाशी उभं राहिल्यावर "वाचतील का?" एवढंच विचारू नका. "वाचले तर कसे वाचतील? बोलतील का? ओळखतील का? हाताने जेवतील का?" हेही विचारा. आणि त्याहून महत्त्वाचं, माणूस धडधाकट असतानाच त्याला विचारून ठेवा. आमच्याकडे बाबूजींनी बरे झाल्यावर स्वतः सांगितलं, "भोक पाडायचं असेल तर दहा वेळा पाडा. पण माझं मला नवकार म्हणता येणार नाही अशी खात्री असेल, तर मला घरी आणा. आणि भान असेल तर पच्चक्खाण मी माझ्या तोंडाने घेईन." आता आमच्या घरात कोणाला अंदाज बांधायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात अशी इच्छा आधी लिहून ठेवायला मान्यता दिली आहे आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली आहे. भुवाजींना हवं होतं तेच हे आहे, फक्त ज्याचं त्याने ठरवलेलं.

आता आपल्या घरांत हमखास येणारे प्रश्न.

चौविहाराचं काय? बेशुद्ध माणसाला रात्री दोन वाजता नाकाच्या नळीतून आहार देतात. पच्चक्खाणात आगार ठेवलेले आहेत ते अशाच वेळांसाठी. आजारात समाधी टिकावी म्हणून औषध घेतलं तर व्रत मोडत नाही, ही सोय नियमातच आहे. बरे झाल्यावर गुरुंकडे आलोचना घेता येते. नळीच्या आहारात काय घालायचं ते मात्र आहारतज्ज्ञांना पहिल्याच दिवशी सांगा: अंडं नको, कांदा-लसूण-बटाटा नको. त्याशिवायही लागेल तेवढं बळ देणारा आहार बसवता येतो. घरचं पातळ मुगाचं पाणी आपल्या मनाने नळीत ओतू नका, ते पुरत नाही.

प्राण्यांपासून बनलेल्या वस्तू वापरतात का? हो, वापरतात. मेंदूचा पडदा सांधायला कधी गाईगुरांच्या हृदयावरच्या आवरणाची पट्टी लावतात. रक्त थांबवायचा स्पंज बहुधा डुकराच्या जिलेटिनचा असतो. हाडातलं रक्त थांबवायला लावतात ते मेण मधमाशांचं. हेपरिन डुकराच्या आतड्यांपासून काढतात. पण पर्यायही आहेत. पडद्यासाठी रुग्णाच्याच कवटीवरचं पातळ आवरण किंवा मांडीतली पट्टी घेता येते, कृत्रिम पट्टी मिळते. वनस्पतीपासून बनलेलं रक्त थांबवणारं कापडही मिळतं. हाड नंतर बसवायचं ऑपरेशन ठरवून होतं, तेव्हा आधी सांगितलं तर पुष्कळ डॉक्टर जमेल तेवढं ऐकतात. पण रात्री अकरा वाजता ताजी गाठ काढायला नेत असतील तर दारात उभं राहून ही यादी वाचू नका. हिंसेचं मूळ प्रमादात आहे, हे तत्त्वार्थसूत्र सांगतं. जीव वाचवायच्या धडपडीत आपण प्रमादात नसतो. हवं तर नंतर प्रायश्चित्त म्हणून आयंबिल करा, पांजरापोळला दान द्या. मी केलं.

जुन्या काळी हे होतं का? होतं. बौद्धांच्या विनयपिटकात राजगृहाच्या एका श्रेष्ठीची गोष्ट आहे. जीवक वैद्याने त्याची कवटी उघडून दोन किडे काढले आणि डोकं पुन्हा शिवलं. तो काळ आपल्या श्रेणिक महाराजांचा, म्हणजे महावीर भगवंतांचा. शेठजींनी आधी कबूल केलं की सात-सात महिने एका कुशीवर झोपून राहीन, पण सात दिवसांतच कंटाळले. जीवक म्हणाला, मला ठाऊक होतं, म्हणून तर महिने सांगितले. रुग्णाला अंथरुणावर ठेवायची युक्ती अडीच हजार वर्षांत बदललेली नाही.

शेवटी जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माझ्या बहिणींसाठी. मोहर्लीहून चंद्रपूर तीसेक किलोमीटर. चंद्रपूरहून भद्रावती, वरोरा, जाम, बुटीबोरी करत नागपूर आणखी दीडशेच्या आसपास. ताज्या गाठीला हे अंतर फार आहे, म्हणून दारातच उशीर होता कामा नये. डोकेदुखी सकाळी उठल्यावर जास्त, वारंवार उलटी, वाढती गुंगी, एका बाजूला अशक्तपणा, बोलणं अडखळणं, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी, यातलं काहीही दिसलं की १०८ ला फोन. पाणी-चहा पाजू नका, ऑपरेशन लागू शकतं. चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर सगळ्यांत आधी सांगा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मेंदूची ऑपरेशनं बसतात. ही योजना २०१२ साली जीवनदायी नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं शेजारचं गडचिरोली होतं. रेशनकार्ड आणि आधार घरात एकाच डब्यात ठेवा, रात्री शोधावं लागू नये.

आणि पोरांना हेल्मेट घालायला लावा. संध्याकाळी चितळ आडवं आलं की मोटरसायकल किती नीट चालवता येते याला अर्थ राहत नाही. चितळाचा जीव वाचवायला ब्रेक मारणारा मुलगा चांगलाच, पण त्याच्याही डोक्यात एकच मेंदू आहे आणि त्याच्या कवटीलाही शिट्टी नाही.

कोणाच्या मनात शंका असेल तर विचारा, मला माहीत असेल तेवढं सांगेन, बाकी डॉक्टरांकडे पाठवेन. लिहिण्यात कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र.